मदत हवी आहे: व्हर्निअरचं (बारीक मापं घ्यायच्या सरकत्या जबड्यांच्या पट्टीचं) ट्रेनिंग हॉलमधून मशीनपाशी कसं न्यायचं?

नमस्कार मंडळी,

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये (प्रेस मशीनवर पत्र्याचे पार्ट बनतात तिथे) ट्रेनिंगचं काम माझ्याकडे आहे. नवीन मुलं येतात ती बहुतेक आयटीआय झालेली ॲप्रेंटिस नाहीतर कंत्राटी. काही मराठवाड्यातली, काही बिहार-यूपीकडची. जेवणानंतर कॅन्टीनमध्ये प्रोजेक्टर लावायचा, शेवटी पेपर घ्यायचा, हजेरीवर सह्या घ्यायच्या, ही जुनी पद्धत. ऑडिटला रेकॉर्ड चोख दिसतं.

लाइनवर मात्र वेगळंच दिसतं. व्हर्निअरचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सर्वात लहान माप) ०.०२ मिमी हे पेपरात सगळे बिनचूक लिहितात. तोच मुलगा मशीनवर पीस जबड्यांच्या टोकात तिरका धरतो, अंगठ्याने करकचून दाबतो, झिरो एरर (जबडे मिटल्यावर शून्य जुळतं का) बघतच नाही. कडेची बर (कापताना राहिलेली धातूची धारदार कोर) तशीच ठेवून मोजलं की माप जास्त येतं, मग विनाकारण सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) हाका. यात मुलांचा दोष नाही असं माझं ठाम मत आहे. कॅन्टीनमधल्या त्या दोन तासांत व्हर्निअर त्यांच्या हातात येतच नाही, पडद्यावर फक्त त्याचं चित्र दिसतं.

टीडब्ल्यूआयची (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) 'जॉब इन्स्ट्रक्शन' पद्धत वाचली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्यांची एकदम भरती झाली, तेव्हाची. कामाचे टप्पे, प्रत्येकातली खुबी आणि तिचं कारण आधी कागदावर मांडायचं. शिकवणाऱ्याने करून दाखवायचं. मग शिकणाऱ्याने तेच काम करायचं: आधी न बोलता, मग टप्पे सांगत, मग खुब्या सांगत, शेवटी कारणं सांगत. "जास्त दाबलं की माप कमी येतं" हे मुलाच्या तोंडून निघालं तरच ते त्याच्या हातात उतरेल असं मला मनापासून वाटतं.

अडचण अशी की हे एकेकाला मशीनपाशीच शिकवावं लागतं, आणि सुपरवायझर विचारतो, "माणूस तुम्हाला दिला तर टार्गेट कोण काढणार?" त्याचंही खोटं नाही. शिवाय शिकवायला खरे लायक आमचे जुने सेटर काका. पीस हातात घेतला की बर कुठल्या बाजूला आहे ते न बघता सांगतात. पण कसं कळलं विचारलं तर "असंच असतं रे" एवढंच उत्तर. त्यांच्याकडून टप्पे आणि कारणं काढून कशी घ्यायची? शेजारी उभं राहून लिहून घेऊ, की मोबाइलवर व्हिडिओ काढून नंतर त्यांच्यासोबत थांबवत थांबवत बघू?

ज्यांनी हे प्रत्यक्ष राबवलंय त्यांनी कृपया सांगा. शिफ्ट बदलताना पंधरा-वीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात एक माणूस नीट होतो का? हिंदीवाल्या मुलांना काकांच्या मराठीत शिकवलेलं चालतं का, की त्यांच्यातलाच एक आधी तयार करावा? आणि महिन्याने क्यूसीने (तपासणी विभागाने) मोजून ठेवलेला पीस हातात देऊन माप विचारलं, त्यावर स्किल मॅट्रिक्स (कोणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता) भरलं, तर पेपरच्या मार्कांऐवजी ऑडिटर ते मान्य करतात का?