विषय: स्कूल बोर्डाला उभं राहायचंय – अर्ज, पैसे आणि मंडळाची इमेल-यादी

प्रेषक: स. कु., सनीव्हेल

नमस्कार मंडळी,

येत्या ३ नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीत कॅलिफोर्नियातल्या आपल्या कुपर्टिनो-सनीव्हेल भागातून स्कूल बोर्डाला (शाळांचा कारभार पाहणाऱ्या, मतदारांनी निवडलेल्या समितीला) उभं राहावं असं चाललंय. अमेरिकन नागरिकत्व आहे, मतदार नोंदणी आहे. अर्ज कुठे आणि कधीपर्यंत भरायचा? सह्या किती, फी किती? आणि मंडळाच्या गणेशोत्सवात स्टेजवर दोन मिनिटं मिळतील का? मंडळाच्या या इमेल-यादीवर देणगीचं आवाहन टाकलं तर चालेल का?

प्रेषक: वि. ज., कुपर्टिनो

ताई,

"कुपर्टिनो-सनीव्हेल भागातून" असं मोघम चालत नाही. आपल्याकडे शहराची हद्द आणि शाळांची हद्द यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. पत्त्यात सॅन होजे असलेली कितीतरी घरं कुपर्टिनो युनियन या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (शाळांच्या विभागात) येतात. आठवीपर्यंतचं डिस्ट्रिक्ट वेगळं, नववी ते बारावीचं वेगळं, बोर्डंही दोन. त्यात नावाचा घोळ असा की आपल्या हायस्कूलच्या डिस्ट्रिक्टचं नाव फ्रीमॉन्ट युनियन, पण फ्रीमॉन्ट शहराशी त्याचं काही देणंघेणं नाही. तिथलं ते फ्रीमॉन्ट युनिफाइड, आणि तेही अलमेडा काउंटीतलं. देणगीदारांना समजावताना हे दहा वेळा सांगावं लागेल.

पुढची पायरी ट्रस्टी एरियाची, म्हणजे बोर्डाच्या एकेका जागेसाठी पाडलेल्या भागाची. २००१ च्या कॅलिफोर्निया व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टनंतर बऱ्याच डिस्ट्रिक्टनी सगळ्यांनी मिळून सगळे सदस्य निवडायची पद्धत सोडली आणि भाग पाडले. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये तसं असेल तर राहता त्याच एरियातून उभं राहता येतं आणि मतंही तिथलीच. मुदत चार वर्षांची, पण सगळ्या जागा एकदम रिकाम्या होत नाहीत. तुमच्या एरियाची जागा २०२६ ला नसून २०२८ ला असेल, तर बाकी तयारी कितीही असो, दोन वर्षं थांबणं आलं. म्हणून आधी रजिस्ट्रार ऑफ व्होटर्सच्या (काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या) साइटवर पत्ता टाका आणि डिस्ट्रिक्टचा एरियाचा नकाशा उघडा. बाकी सगळं त्यानंतर.

पात्रता सोपी आहे: वय १८, नागरिकत्व, डिस्ट्रिक्टमध्ये राहणं आणि तिथली मतदार नोंदणी. घर बदललं असेल तर नोंदणीतला पत्ताही बदललेला हवा, यात लोक अडकतात. त्याच डिस्ट्रिक्टमध्ये नोकरी असेल तर निवडून येता येतं, पण राजीनामा दिल्याशिवाय शपथ घेता येत नाही.

आता तारखा. अर्ज १३ जुलैला सुटतात आणि ७ ऑगस्टला, शुक्रवारी, बंद होतात. रजिस्ट्रारचं कार्यालय सॅन होजेला. सह्या लागत नाहीत, फी नाही. (सिटी कौन्सिलला सह्या लागतात, त्यावरून हा गैरसमज आहे.) स्वतः जा. दुसऱ्याला कागद आणायला पाठवायचं तर तुमच्या सहीचं अधिकारपत्र लागतं. शेवटच्या शुक्रवारी जाऊ नका. एखादा रकाना रिकामा राहिला तर दुरुस्त करायला वेळच उरत नाही.

अर्ज पाच मिनिटांचा आहे. डोकं लागतं ते दोन ठिकाणी.

एक, मतपत्रिकेवर नावाखाली छापायचा व्यवसाय. जास्तीत जास्त तीन शब्द, आणि तो तुमचा सध्याचा किंवा गेल्या कॅलेंडर वर्षातला खराखुरा मुख्य व्यवसाय असला पाहिजे. "सॉफ्टवेअर इंजिनियर" चालतं. "कन्सर्न्ड सिटिझन", "टॅक्सपेयर", "अ‍ॅक्टिव्हिस्ट" चालत नाही, कारण तो व्यवसाय नव्हे. सगळ्यांना मोह होतो तो "कम्युनिटी व्हॉलंटियर"चा, पण तो फक्त ज्याचा दुसरा मुख्य व्यवसाय नाही त्यालाच मिळतो. पूर्ण वेळ नोकरी करून रविवारी मराठी शाळा चालवणाऱ्याला नाही. सोबतच्या वर्कशीटवर पुरावा लिहायचा असतो. मुदत संपल्यावर दहा दिवस हे कागद सर्वांना पाहायला खुले असतात, आणि प्रतिस्पर्धी त्यावरून कोर्टात जाऊ शकतो.

दुसरं, कँडिडेट स्टेटमेंट, म्हणजे उमेदवाराचं स्वतःबद्दलचं निवेदन. साधारणपणे २०० शब्द (बोर्डानं ठरवलं असेल तर ४००). हे प्रत्येक मतदाराच्या घरी माहितीपुस्तिकेत जातं. माझ्या मते सगळ्या प्रचारात हाच एक कागद लोक खरोखर वाचतात. पक्षाचा उल्लेख करायचा नाही, प्रतिस्पर्ध्याबद्दल लिहायचं नाही. छपाईचा वाटा बहुतेक ठिकाणी उमेदवारावर पडतो, आकडा काउंटीकडून आधी घ्या. एकदा दिलं की शब्द बदलता येत नाही. मागे घ्यायचं तर मुदतीनंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. तेव्हा मसुदा जूनमध्येच तयार हवा, तोही इंजिनियर नसलेल्या दोघांकडून वाचून घेऊन. आपले लोक २०० पैकी ८० शब्द पदव्यांवर घालवतात.

आणि हो, आडनाव "अ"वरून आहे म्हणून मतपत्रिकेवर पहिलं नाव येत नाही. अक्षरांचा क्रम राज्य चिठ्ठ्या काढून ठरवतं, यंदा १३ ऑगस्टला.

प्रेषक: अ. दे., सांता क्लारा

नमस्कार ताई,

पैशाचं मी सांगतो. इथे चूक झाली तर उशिराचा दंड फॉर्ममागे दिवसाला १० डॉलर, आणि वर नाव जाहीर होतं ते वेगळंच.

कोणाकडून एक डॉलर घेण्याआधी किंवा खर्च करण्याआधी फॉर्म ५०१, म्हणजे उभं राहण्याचा इरादा जाहीर करणारा. "आधी चेक जमा करू, फॉर्म नंतर" हा क्रम उलटा आहे. वर्षभरात २,००० डॉलरच्या आत जमा आणि खर्च दोन्ही राहणार असतील तर फॉर्म ४७० भरून सुटका. स्टेटमेंटची फी स्वतःच्या खिशातून दिलीत तर ती या दोन हजारांत धरत नाहीत. त्यापुढे गेलात की दहा दिवसांत फॉर्म ४१० (प्रचार कमिटीची नोंदणी), स्वतंत्र बँक खातं, खजिनदार, आणि मग फॉर्म ४६० (जमाखर्चाचा हिशोब). यंदा निवडणुकीआधीचे दोन हिशोब २४ सप्टेंबर आणि २२ ऑक्टोबरला. शेवटच्या ९० दिवसांत एकाच माणसाकडून १,००० डॉलर किंवा जास्त आले तर २४ तासांत फॉर्म ४९७. हिशोबाशी संबंध नसलेला फॉर्म ७००, म्हणजे स्वतःच्या आर्थिक हितसंबंधांचा, अर्जाबरोबरच द्यायचा.

रोख १०० डॉलर किंवा जास्त घेता येत नाही. १०० किंवा जास्त ज्यानं दिले त्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरी असलेली कंपनी लिहून घ्यावी लागते. चेक घेतानाच विचारा, नंतर फोन करत बसावं लागतं. स्वतःचे पैसेही आधी त्या खात्यात भरून मगच खर्च करायचे. घरच्या क्रेडिट कार्डावर बॅनर छापून आणणं ही नेहमीची घसरगुंडी.

आता आपल्या मंडळींसाठी सगळ्यात महत्त्वाचं. एच-१बी, एच-४, एल-१, विद्यार्थी व्हिसा, किंवा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, यांच्याकडून पै घेता येत नाही. हा कायदा फेडरल आहे आणि स्कूल बोर्डालाही लागू आहे. ग्रीनकार्डवाले देऊ शकतात. व्हिसावरचा माणूस फुकट काम करू शकतो: घरोघर फिरू शकतो, पाट्या लावू शकतो. पण पैसा कुठे खर्चायचा हे ठरवण्यात त्याचा हात नको, आणि त्यानं स्वखर्चानं फ्लायर छापून आणले तर तीही देणगीच. म्हणून देणगीच्या फॉर्मवर "मी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक आहे" असा चौकोन ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर झेलचा (बँकेतून पैसे पाठवायच्या सेवेचा) नंबर फिरवला तर कोणाचे पैसे आले हे तुम्हालाच कळणार नाही. कोणी नागरिकानं घरी चहा-फराळ ठेवून तुम्हाला बोलावलं आणि त्याचा खर्च ५०० डॉलरच्या आत असला, तर तो देणगीत धरत नाहीत.

प्रेषक: यादी-व्यवस्थापक

सर्वांना नमस्कार.

ताई, शुभेच्छा देतो, पण त्याही मंडळाच्या वतीनं देता येत नाहीत. मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहे, आणि १९५४ पासून अशा संस्थांना कोणत्याही उमेदवाराच्या बाजूनं किंवा विरोधात काही करायला पूर्ण मनाई आहे. ही बंदी सगळ्याच पदांच्या उमेदवारांना लागू होते. म्हणून गणेशोत्सवाच्या स्टेजवरून ओळख नाही, या यादीवर आवाहन नाही, सभासदांचे पत्ते द्यायचे नाहीत, अध्यक्षांनी पदाचं नाव लावून पाठिंबा द्यायचा नाही. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या इमेलवरून कोणीही देऊ शकतं.

मंडळ काय करू शकतं तेही सांगतो. मतदार नोंदणीचं टेबल लावता येतं, कोणाला मत द्या हे न सांगता. त्या जागेच्या सगळ्या उमेदवारांना बोलावून, सगळ्यांना सारखा वेळ आणि तेच प्रश्न देऊन सभा घेता येते. आनंदमेळ्यात स्टॉल भाड्यानं देत असू तर मागेल त्या उमेदवाराला त्याच दरात द्यावा लागेल. पीटीएची (पालक-शिक्षक संघटनेची) गोष्ट बहुतेक ठिकाणी अशीच, आणि शाळेचा इमेल, शाळेचा लोगो, दप्तरातून जाणारी पत्रकं हे तर एज्युकेशन कोडनंच (राज्याच्या शिक्षण कायद्यानंच) बंद केलंय.

नियमांची चर्चा इथे चालू द्या.

प्रेषक: म. गो., फ्रीमॉन्ट

प्रचाराच्या वेळापत्रकाबद्दल. लोक ३ नोव्हेंबर डोळ्यासमोर ठेवतात. मतपत्रिका ५ ऑक्टोबरपासूनच पोस्टानं घरोघर पडतात. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर फिरू म्हणाल तर हातात जेमतेम दहा दिवस. दारोदार फिरणं ऑगस्टमध्ये सुरू करा. रजिस्ट्रारकडून निवडणुकीच्या कामासाठी मतदारयादी विकत मिळते, त्यात कोण नियमित मत देतं ते कळतं. नाहीतर मत न देणाऱ्यांच्या दारात उन्हात उभं राहणं होतं.

पत्रक पोस्टाच्या पेटीत तिकीट न लावता टाकणं हा फेडरल गुन्हा आहे. दाराच्या मुठीला अडकवा. २०० पेक्षा जास्त पत्रं पोस्टानं पाठवलीत तर कमिटीचं नाव-पत्ता निदान ६ पॉइंट आकाराच्या अक्षरांत हवा. हायवेवरून दिसणाऱ्या पाट्यांना कॅलट्रान्सचे (राज्याच्या रस्तेखात्याचे) नियम: ९० दिवसांआधी लावायच्या नाहीत, निवडणुकीनंतर १० दिवसांत काढायच्या, आणि जबाबदारीचं पत्र आधी द्यायचं.

मुद्द्यांबद्दल एक. बोर्ड सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी) नेमतं, बजेट मंजूर करतं, युनियनशी करार करतं. अभ्यासक्रमाची मानकं राज्याची. "सातवीत सगळ्यांना अल्जिब्रा" असं आश्वासन देण्याआधी डिस्ट्रिक्टचं प्लेसमेंटचं, म्हणजे कोणत्या मुलाला गणिताच्या कोणत्या वर्गात बसवायचं याचं, धोरण वाचा. २०१५ च्या कायद्यानं नववीच्या गणितासाठी असं धोरण करणं बोर्डावर बंधनकारक आहे. तिथे तुमच्या मताला खरी किंमत आहे.

बजेटमध्ये पहिला प्रश्न: डिस्ट्रिक्ट बेसिक एड, म्हणजे स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सवर चालणारं, आहे का? फ्रीमॉन्ट युनियन आणि पालो आल्टो तशी आहेत. आमचं फ्रीमॉन्ट युनिफाइड राज्याच्या एलसीएफएफ या निधीवाटपाच्या सूत्रावर, आणि ते सूत्र पटावर नव्हे, रोजच्या हजेरीवर पैसे देतं. डिसेंबरच्या सुटीला दोन-तीन आठवडे जोडून भारतात जाणाऱ्या कुटुंबांमुळे इथे थेट पैसे जातात, इंडिपेंडंट स्टडीचा (शाळेबाहेर राहून अभ्यास करण्याचा) लेखी करार केला नसेल तर. १८० दिवसांत १८ दिवस बुडले की मूल "क्रॉनिक अ‍ॅब्सेंट" (सतत गैरहजर) मध्ये धरलं जातं. बेसिक एड डिस्ट्रिक्टमध्ये हे भाषण केलंत तर समोरचा मतदार गोंधळात पडेल.

निवडून आल्याच्या क्षणापासून, शपथेआधीही, ब्राउन अ‍ॅक्ट, म्हणजे खुल्या बैठकांचा कायदा, लागू. पाच जणांच्या बोर्डात तिघांनी एखाद्या ग्रुपवर बोर्डाचा विषय चघळला, अगदी एकानं दुसऱ्याला आणि दुसऱ्यानं तिसऱ्याला निरोप दिला, तरी ती बेकायदा बैठक.

प्रेषक: स. कु., सनीव्हेल

सगळ्यांचे आभार. नकाशा पाहिला, माझ्या एरियाची जागा यंदाच आहे. सध्याचे सदस्य पुन्हा उभे राहणार नाहीत असं कानावर आलंय. तसं असेल तर मुदत १२ ऑगस्टपर्यंत वाढते ना? मग थोडं थांबू का?

प्रेषक: वि. ज., कुपर्टिनो

नका थांबू. मुदत वाढते ती फक्त त्यांनी ७ तारखेपर्यंत अर्ज भरला नाही तरच. शुक्रवारी पाचला पाच मिनिटं कमी असताना ते आले आणि अर्ज देऊन गेले, तर दार तिथेच बंद. १३ जुलै सोमवार आहे. सकाळीच जा, ओळखपत्र आणि व्यवसायाचे तीन शब्द लिहिलेला कागद घेऊन.