समेटाच्या कागदावर सही करू का? उजव्या मनगटात प्लेट आहे

शिलाईमशीन:
डाव्या अंगठ्यानं टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या. सव्वा महिन्यापूर्वी स्कूटीवरून सरळ चालले होते, समोरून येणारी कार इंडिकेटर न देता पुढ्यातून वळली आणि धडकली. उजवं मनगट मोडलं, प्लेट टाकली. टाके सुकलेत, पण अंगठा करंगळीपर्यंत पोचत नाही आणि सुई चिमटीत धरली की सटकते. मी घरी ब्लाउज शिवते, आरीवर्क करते. वय ३८.

कारवाले गृहस्थ वाईट नाहीत. दवाखान्यात त्यांनीच नेलं, डिपॉझिटही भरलं. आता स्टॅम्प पेपर घेऊन आलेत: "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, यापुढे काही मागणार नाही." सही केली की उरलेलं बिल आणि वर थोडे पैसे देतो म्हणतात. सासूबाई म्हणतात, घे आणि मोकळी हो. पोलिसांत फक्त डायरीला नोंद आहे, एफआयआर नाही. केस पेपरवर "गाडीवरून पडून इजा" लिहिलंय, कारण माहिती त्यांच्या मुलानं दिली. मी वेदनेनं बोलायच्या अवस्थेत नव्हते. कमाईचा पुरावा म्हणाल तर मापाची वही. काय करू?

चौथा_मजला:
घ्या पैसे ताई. माझ्या मेव्हण्याचा दावा वर्षानुवर्षं चाललाय. तारखांना जाऊन जाऊन चपला झिजल्या त्याच्या.

टीपीवाले_काका:
ताई, सही करू नका. निदान हात किती सुधारणार हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत तरी नाहीच.

मी अख्खी नोकरी विमा कंपनीच्या मोटर थर्ड पार्टी विभागात (गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीचे दावे) केली, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसायचो. फाइल आली की एफआयआरच्या आधी आम्ही कॅज्युअल्टीचा पहिला कागद काढायचो. त्यावर नुसतं "पडून" सापडलं की वकीलसाहेब खूश. दुसऱ्या गाडीचा संबंधच नाही, बाई स्वतःच घसरल्या, असा बचाव तयार. त्यामुळे तुमच्या बाबतीत पहिली चिंता स्टॅम्प पेपरची नाही, त्या कागदाची आहे. मग एफआयआरची.

हाड मोडलं की कायद्यानं ती गंभीर दुखापत. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली गुन्हा नोंदवता येतो. तक्रार लेखी द्या, कार कुठून कशी वळली ते सविस्तर लिहा, केस पेपरवरची माहिती कोणी दिली तेही लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उशीर का झाला, तर ऑपरेशन झालं होतं. सरळ तसंच लिहा. एफआयआर उशिरा झाली एवढ्यावरून भरपाईचा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात सांगितलंय. ठाण्यात दाद लागली नाही तर तीच तक्रार स्पीड पोस्टानं पोलीस अधीक्षकांना. आसपास कोणाचा सीसीटीव्ही असेल तर त्याचा उल्लेख तक्रारीतच करा आणि आजच करा, फुटेज फार दिवस राहत नाही.

आता त्या भल्या गृहस्थांबद्दल. त्यांचा थर्ड पार्टी विमा चालू असेल आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स असेल, तर तुम्ही दावा केल्यानं त्यांच्या खिशातून साधारणपणे काही जात नाही, कंपनी भरते. माणसाच्या इजेसाठी त्या विम्याला रकमेची मर्यादाही नसते. बहुतेक गाडीमालकांना हे माहीतच नसतं, म्हणून घाबरून स्टॅम्प पेपर आणतात. त्यांना हे समजावून सांगा, कदाचित तेच विम्याची प्रत काढून देतील. नाही दिली तर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून विमा कधीपर्यंत आहे ते बघा. त्यांनी भरलेलं डिपॉझिट मात्र दाव्यात लपवू नका.

सही केलीत तर सोडून काय द्याल? मोटार अपघात दावा न्यायाधिकरण नुसती बिलं जोडत नाही, कमाईची ताकद किती गेली ते बघतं. राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल वकिलाला वाचायला सांगा. हाताचं अपंगत्व कागदावर जेवढे टक्के, तेवढंच कमाईचं नुकसान असं धरायचं नाही; त्या माणसाचा धंदा काय आहे ते बघायचं. तोच अंगठा गेला तर मास्तरांचं वर्गात शिकवणं चालू राहील, शिवणाऱ्या बाईचं काय? समजा तुमची कमाई महिना १५,००० धरली आणि कमाईची ताकद २० टक्के कमी झाली असं ठरलं. स्वतःचा धंदा आणि वय ४० च्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवून २१,०००. वर्षाचे २,५२,०००, त्याचे २० टक्के ५०,४००. ३६ ते ४० वयाला गुणक (वयानुसार वर्षाच्या नुकसानीला ज्यानं गुणायचं तो आकडा) १५. झाले ७,५६,०००. उपचार, वेदना, बुडालेलं काम हे वेगळं. आकडे उदाहरणाचे आहेत, पण आता देऊ केलेले "वर थोडे पैसे" यांच्या शेजारी ठेवून बघा.

अपंगत्वाच्या दाखल्याची घाई करू नका, फिजिओथेरपी संपून हात स्थिरावू दे. दाव्याची घाई मात्र करा. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो.

रेकॉर्डरूम:
मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात आहे. केस पेपरवर कोणाला खाडाखोड करायला सांगू नका, खोडलेला कागद "पडून"पेक्षाही वाईट दिसतो. डॉक्टरांना लेखी अर्ज द्या की माहिती दुसऱ्यानं दिली होती, प्रत्यक्षात कारनं धडक दिली. त्यावर आजच्या तारखेची पुरवणी नोंद करायची विनंती करा. नोंद करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण अर्जाची पोच तुमच्या हातात राहील. एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणून हॉस्पिटलनं केलेली नोंद, झाली होती का तेही विचारा.

आणि सगळ्या रेकॉर्डची प्रत मागा. लेखी मागितल्यावर ती ७२ तासांत द्यायची असा वैद्यक परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. ऑपरेशन नोट्समध्ये प्लेट-स्क्रूंची छोटी स्टिकर चिकटवलेली असतात, ते पान गाळू देऊ नका. पुढे प्लेट काढायचं ऑपरेशन लागलं तर त्याचा खर्च मागताना आत काय बसवलंय हे त्या पानावरून सिद्ध होतं.

शिलाईमशीन:
एमएलसी झालीये, आत्ताच फोन करून विचारलं. काका, एका वकिलांनी सांगितलं फी नको, मिळेल त्यातले २५ टक्के द्या. चालतं का हे? आणि थोडं बिल मिस्टरांच्या मेडिक्लेममधून निघालंय, ते कापून घेतील?

टीपीवाले_काका:
टक्केवारी सर्रास चालते, पण बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. निकालावर फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला वकिलांना मनाई आहे. ठरावीक फी ठरवा. तेही जड जात असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मेडिक्लेमचे पैसे कापायचे नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये ठरवलंय. हप्ता तुम्ही भरलात, फायदा कारच्या विमा कंपनीला का?

चौथा मजला म्हणतात ते खोटं नाही, वेळ लागतो. पण रकमेवर सहसा अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळतं. मधे लोक अदालतीत बोलावतील. आकडा पटला तर जरूर मिटवा, मात्र त्यावर अपील नाही हे लक्षात ठेवून. कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर घरी आला तर खरं तेच सांगा, वाचल्याशिवाय आणि कोऱ्या कागदावर सही नको. आम्हीच पाठवायचो त्यांना.

वही आहे तशी ठेवा. हौसेनं नवी, सुवाच्य वही करायला जाल आणि उलटतपासणीत एका शाईत दोन वर्षं लिहिलेली दिसतील. मापं, अ‍ॅडव्हान्स, खोडलेली नावं, सगळं राहू दे. त्यातल्या दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांना साक्षीला याल का विचारून ठेवा. यूपीआयवर आलेले पैसे असतील तर बँकेचं स्टेटमेंट काढा. अपघातानंतर परत केलेल्या ऑर्डरी कोणाच्या, त्यांचे मेसेज डिलीट करू नका.

शिलाईमशीन:
दिवाळीच्या ऑर्डरी परत केल्या त्यांचे व्हॉइस मेसेज आहेत, शिव्यांसकट. तेही चालतील?

टीपीवाले_काका:
चालतील. मूळ फोन विकू नका फक्त.