ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ वाचताना काय ऐकावे?

नीराकाठ :
रा. चिं. ढेरे यांचा १९८४ सालचा हा ग्रंथ सध्या रोज रात्री तासभर वाचतो आहे. सोबतीला पं. भीमसेन जोशी यांचे अभंग मंद आवाजात लावून पाहिले. परंतु ‘तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल’ सुरू झाले की डोळे ओळींवरून फिरत राहतात, मन मात्र गाण्यात जाऊन बसते आणि तेच पान तीनदा वाचावे लागते. या वाचनाला साजेसे संगीत कोणी सुचवील काय?

टाळकरी :
शब्द असलेले, त्यातही तोंडपाठ असलेले गाणे वाचताना लावूच नये. प्रकरण संपवून पुस्तक मिटावे आणि मग ऐकावे. विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा देव असून पुढे त्याचे वैष्णवीकरण झाले, असे ढेरे मांडतात. तेव्हा पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवासारख्या जोडदेवांविषयी वाचून झाल्यावर मैफलीतल्या अभंगापेक्षा धनगरी ओव्या अधिक जवळच्या वाटतील. त्यांत गाणे आणि गद्य कथा आलटून पालटून येतात. गुंथर सोन्थायमर यांनी या मौखिक परंपरेवर मोठे काम केले आहे, तेही जोडीला वाचावे.

चंद्रभागा :
पुस्तक मिटून ऐकावे, हे मान्य. मात्र ग्रंथाच्या नावातच महासमन्वय असताना मैफलीतल्या अभंगाला दूरचा का ठरवावे? तोही त्या समन्वयाचा अलीकडचा थरच आहे. ऐकायचेच तर वीणा, टाळ आणि पखवाजावरचे वारकरी भजनही ऐकावे, म्हणजे ध्रुवपद समूहाने उचलल्यावर अभंगाची तब्येत कशी पालटते ते कानाला कळते. पुढे नामदेवांवरील संशोधन वाचणार असाल तर गुरू ग्रंथसाहिबातील त्यांच्या ६१ पदांपैकी एखादे शबद कीर्तनात अवश्य ऐका. तिथे ‘रहाउ’ म्हणून दाखवलेली ओळ ध्रुवपदासारखी पुन्हा पुन्हा येते, ती ऐकताना आपल्याच अभंगाचे घर आठवते.

नीराकाठ :
दोघांचेही आभार. काल प्रकरण संपवून धनगरी ओव्या लावल्या. निम्मे शब्द कळले नाहीत, म्हणून दोनदा मागे जाऊन ऐकले. आणि मधल्या कथेत विठोबाचे नाव येताच पेन्सिलीने खूण केलेला परिच्छेद काढून पुन्हा वाचत बसलो. आता ऐकताना पुस्तक मिटलेले राहत नाही, ही नवीच अडचण झाली आहे.