दहावीच्या प्रात्यक्षिकाच्या वीस गुणांतले पाच घरच्या प्रयोगाला द्यावेत का?

रसायनबाई :
नाशिक जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. अकरावीला नवीन मुलं आली की सुरुवातीला एकच काम देते. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, द्रावणात लोखंडी खिळा टाका आणि काय दिसतं ते लिहा. बहुतेक जण दोन मिनिटांत लिहून मोकळे होतात : 'निळा रंग जाऊन द्रावण फिकट हिरवं झालं.' समोरच्या परीक्षानळीतलं द्रावण तेव्हा निळंशार असतं. रंग उतरायला बराच वेळ लागतो. मुलांनी दहावीची प्रयोगवही आठवून लिहिलेलं असतं, नळीकडे बघितलेलंच नसतं.

याच वर्गात द्राक्षबागायतदारांची मुलं आहेत. घरी बोर्डो मिश्रण करतात, म्हणजे बुरशीवरची फवारणी. एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, धातूचं भांडं वापरायचं नाही, मग एकत्र करायचं आणि त्यात विळ्याचं पातं बुडवून धरायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अशानं पानं करपतील. आणखी चुन्याची निवळी घालायची, पुन्हा पातं बुडवायचं. लोखंड तांब्याची जागा घेतं, दहावीची विस्थापन अभिक्रिया ती हीच. पण मुलाला विचारलं तर म्हणतो, 'ते पप्पा करतात मॅडम, ते केमिस्ट्रीत येत नाही.'

दहावीला विज्ञानाचे चाळीस-चाळीसचे दोन पेपर आणि वीस गुण प्रात्यक्षिकाला. त्या वीसपैकी पाच गुण घरी केलेल्या एका प्रयोगाला द्यावेत, असं मला ठामपणे वाटतं. विषय मुलानं निवडावा, निरीक्षणं त्याच्या भाषेत असावीत, फसलेला प्रयोगही चालावा. तसा अर्ज बोर्डाला करायचा विचार आहे. विरोध असेल तर इथेच सांगा.

लॅबवाले मामा :
बाई, विरोध आहे. एका कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत परिचर म्हणून नोकरी करून निवृत्त झालो.

तुमच्या उदाहरणात पिंपाजवळ मुलाचे वडील उभे आहेत, आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलंय. सगळ्या घरांत तसं कोणी नसतं. घरात ॲसिड कशात ठेवलेलं असतं? कोल्ड्रिंकच्या बाटलीत, वर चिठ्ठी नाही. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन सुटतो, हे किती आयांना ठाऊक आहे? २०१३ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ॲसिड विकताना नोंद ठेवा, ओळखपत्र बघा, अठराच्या आतल्याला देऊ नका. ते ॲसिडहल्ल्यांमुळे सांगितलं होतं, मान्य. पण पंधरा वर्षांच्या पोरानं दुकानातून ॲसिड आणू नये, हे त्यातूनही निघतंच ना?

दुसरं म्हणजे, घरी रंग बदलतो, फेस येतो, मुलं खूश होतात. मोजमाप कुठे आहे त्यात? ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन आठवा : ब्युरेट म्हणजे तोटीची मोजनळी, तिच्यातून परमँगनेट थेंब थेंब ॲसिडमध्ये सोडायचं आणि ॲसिड संपायला किती लागलं ते मोजायचं. फ्लास्क साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करून घ्यायचा. पहिल्या एकदोन थेंबांचा गुलाबी रंग जाता जात नाही, मुलाला वाटतं झालाच एंड पॉइंट, ॲसिड संपलं. थांबायला लावलं की तो रंग जातो आणि पुढचे थेंब पडल्या पडल्या नाहीसे होतात, कारण अभिक्रियेत तयार झालेलं मँगनीजच तिचा वेग वाढवतं. मग एक थेंब असा येतो की गुलाबी झाक टिकून राहते. परमँगनेट गडद असतं म्हणून रीडिंग वरच्या कडेवर घ्यायचं. ब्युरेटच्या तोटीवर बोटं ठेवून उभं राहिल्याशिवाय हे येत नाही. चहाच्या कपात ते कसं शिकवणार?

बारावी सायन्स :
मामा, तुमच्यासारखे मामा आम्हाला मिळाले असते तर बरं झालं असतं. मी इंटिग्रेटेड बॅचला आहे. कॉलेजला नाव, शिकायला क्लास. ब्युरेटला हात लागला तो परीक्षेच्या तोंडावर. बारावीला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला तीस मार्क आहेत आणि ते कसे मिळतात ते सगळ्यांना माहीत आहे. तीन रीडिंगमधली दोन जुळली की सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, आला. म्हणून पहिलं रीडिंग स्वतःचं, बाकीची त्यावरून लिहायची. ओळखायला दिलेलं सॉल्ट निळं दिसलं की कॉपर, हिरवं दिसलं की निकेल, गुलाबी कोबाल्ट. पांढरं आलं की नोट्समधली आधीच भरलेली पानं. सॉल्टमधला धातू शोधताना ग्रुप कशासाठी लावतात हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

लॉकडाउनमध्ये घरी तुरटीचे स्फटिक करत होतो. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळवली, गार होऊ दिली, तळाशी आलेल्यातला एक चांगला खडा दोऱ्याला बांधून त्याच पाण्यात सोडला. सकाळी वाढलेला असायचा, कडा धारदार. दुपारी ऊन चढलं की बरणी तापायची आणि खडा झिजायचा. एकदा तर पूर्ण विरघळून नुसता दोरा राहिला. त्या चिडचिडीतून संपृक्त द्रावण काय असतं ते कळलं. मग बरणी माठाशेजारी ठेवली. ब्युरेट नव्हती, पण तापमान आणि विद्राव्यता यांचा संबंध मी कुणाच्या नोट्समधून घेतला नाही. पाच नाही, दहा मार्क द्या.

डोळ्यांची डॉक्टर :
बाईंच्या पोस्टमध्ये चुना आहे, तिथे मी अडले. ॲसिडला सगळे घाबरतात, चुन्याला कोणी घाबरत नाही, कारण तो तंबाखूच्या डबीत असतो. डोळ्यात ॲसिड गेलं की वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि काही प्रमाणात ते तिथेच अडतं. चुन्यासारखी अल्कली अडत नाही. ती पेशींमधल्या चरबीचा साबण करत आत शिरते. त्यातून चुन्याचे कण पापणीखाली चिकटून राहतात आणि जाळत राहतात. खेळताना चुन्याची पुडी दाबली, ती फुटून डोळ्यात उडाली, असे लहान मुलांचे अपघात आपल्या देशात नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलेले आहेत. बुबुळ पांढरं पडलं की पुढे फार थोडं हातात राहतं.

असं झालंच तर डॉक्टरकडे पळण्याआधी नळाखाली डोळा उघडा धरून निदान पंधरा मिनिटं पाणी सोडायचं. पापणी उलटून कण काढायचे, आणि धूत असतानाच गाडीची सोय करायची. दूध, तूप, गुलाबपाणी काही नको. हे ज्या घराला माहीत नाही तिथे कळीचा चुना भिजवायला मुलाला बसवू नका. पाण्यात पडल्यावर तो उकळतो, शिंतोडे उडतात. घरी प्रयोग व्हावेत की नाही यावर माझं टोकाचं मत नाही. डोळे झाकणारा सुरक्षा चष्मा नसेल तर मात्र माझा नकार आहे.

रसायनबाई :
डॉक्टर, चुना माझ्या यादीत ठेवणार नाही, आणि चष्म्याची अट अर्जात पहिली घालते. मोरचूदसुद्धा गिळणं किंवा डोळ्यात जाणं वाईटच, म्हणून तो प्रयोग शाळेतच राहू दे. घरी हळद, जास्वंद, तुरटी, मीठ, लिंबू, खायचा सोडा एवढ्यावर भरपूर होतं. हळदीचा डाग साबणानं लाल का होतो आणि लिंबू पिळल्यावर परत पिवळा का होतो, यावर एका मुलीनं मला वहीची कितीतरी पानं भरून दिली होती.

पण शाळा सुरक्षित आणि घर धोक्याचं, ही वाटणी मान्य नाही. पिपेट, म्हणजे द्रावण मोजून उचलायची नळी, तोंडानं ओढायला मुलांना कुठे शिकवलं जातं? प्रयोगशाळेतच. रबरी बल्ब काही महाग नसतो, तरी पिढ्यान् पिढ्या ऑक्झॅलिक ॲसिड तोंडानं ओढलं गेलं. विज्ञान प्रदर्शनात अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखी पेटवायचे. नारिंगी ढीग, ठिणग्या आणि वर हिरवी राख. नारिंगी डायक्रोमेटमधल्या क्रोमियमनं कर्करोग होऊ शकतो, आणि त्याचे न जळलेले कण राखेत राहू शकतात. ती राख शिक्षकांदेखत नुसत्या हातांनी गोळा करायचे.

वस्तीशाळा :
जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. माझा विरोध वेगळ्या कारणानं आहे आणि तो सुरक्षिततेपेक्षा मोठा आहे असं मी मानतो. तुम्ही पाच गुण लावलेत की तो प्रयोग मुलाचा राहणार नाही. जूनमध्येच स्टेशनरीच्या दुकानात 'घरगुती प्रयोग : तयार वही' लटकलेली दिसेल. ज्यांचे आईवडील शिकलेले त्यांना पाचपैकी पाच. ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरानं घरचा प्रयोग कुठल्या घरात करायचा? कोपीत?

प्रयोग वर्गातच व्हायला हवेत आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. होशंगाबादला १९७२ मध्ये सोळा शाळांपासून हेच सुरू झालं होतं. साधं किट, चार मुलांची टोळी, पुस्तकात उत्तरं छापलेली नाहीत, फक्त 'करून बघा आणि लिहा'. मध्य प्रदेशातल्या खेड्यांतल्या सरकारी शाळा होत्या त्या. परीक्षाही तशीच, पुस्तक उघडून आणि हातानं प्रयोग करून. २००२ साली सरकारनं ते बंद केलं, पण तीस वर्षं चाललं. टाकाऊतून विज्ञानखेळणी करणारे आपले अरविंद गुप्ताही पुण्यातल्या टेल्को या मोटार कंपनीतून सुट्टी घेऊन तिथे गेले होते. बोर्डाकडे मागायचंच असेल तर हे मागा.

लीड्सहून :
इथे इंग्लंडमध्ये शाळेतल्या जवळपास प्रत्येक प्रयोगाची जोखीम आधी कागदावर तपासतात. घरी मात्र हौशी माणसाचे हात बांधलेले आहेत. पंधरा टक्क्यांवरचं सल्फ्युरिक, तीन टक्क्यांवरचं नायट्रिक किंवा बारा टक्क्यांवरचं हायड्रोजन पेरॉक्साइड बाळगायला परवाना लागतो. कारण स्फोटकांचं आहे, ते समजतं. पण याच देशात १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किननं सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत मलेरियावरचं क्विनीन करायला घेतलं, हाती काळा गाळ आला, आणि त्यातून पहिला यशस्वी कृत्रिम जांभळा रंग निघाला. त्या वाटा बंद केल्यात की पुढचा पर्किन कुठून येणार?

लॅबवाले मामा :
पर्किनची गोष्ट अर्धीच सांगू नका. तो पंधराव्या वर्षी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत दाखल झाला होता आणि तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक हॉफमन यांच्या हाताखाली तयार झाला होता. क्विनीनची कल्पनाही हॉफमनचीच. काळा गाळ फेकून न देता अल्कोहोलनं धुऊन बघावा, हे सुचायला हाताला प्रयोगशाळेची सवय लागते. त्याच्याकडे घर आणि कॉलेज दोन्ही होतं.

बारावी सायन्स :
मग आम्हालाही दोन्ही द्या ना. आत्ता एकही नाही.

रसायनबाई :
वस्तीशाळा सरांचा मुद्दा माझ्या अर्जाच्या मुळावरच येतो. तयार वह्या येणार हे खरं आहे, मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून घरच्या प्रयोगाच्या वहीला गुण मागत नाही. त्याऐवजी तोंडी परीक्षेत एक प्रश्न मागते : 'तुला यंदा असं काय दिसलं जे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं?' पाच गुण त्या उत्तराला. वर्गात केलेला प्रयोग चालेल, घरचा चालेल, बांधावरचा चालेल. विकत घेतलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

वस्तीशाळा :
हे पटतं. पण परीक्षकाला मुलामागे पाच मिनिटं मिळायला हवीत. आमच्याकडे अख्खा वर्ग दुपारपर्यंत उरकतात. वेळेचं लेखी घ्या.

लॅबवाले मामा :
आणि अर्जात एवढं घाला. प्रयोगशाळेत वाहत्या पाण्याचा नळ, प्रत्येक मुलाला चष्मा, दोन मुलांत एक ब्युरेट, पिपेटला बल्ब. आणि परिचराची रिकामी पदं भरा. मुलगा गुलाबी रंग बघून घाईनं तोटी बंद करायला लागला की 'थांब, जाईल तो' असं म्हणणारं माणूस तिथे लागतं. एवढं असेल तर खाली माझीही सही घ्या.