स्युडोमोनास जिवाणूचा एएचएल संदेश (पेशी एकमेकींना सोडतात तो रेणू) २४ तासांनी नाहीसा का होतो? सामू, तापमान की ऑक्सिजन?

बायोफिल्म_०७
स्युडोमोनास एरुजिनोसा ३७ अंश सेल्सियसला साध्या एलबीमध्ये (नेहमीचे पोषक द्रव माध्यम), शेकरवर वाढवतो आहे. ठरावीक वेळांचा सुपरनॅटंट (पेशी खाली बसल्यावरचा वरचा द्रव) ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून सीव्ही०२६च्या (एएचएल मिळाला की जांभळा होणारा जिवाणू) प्लेटवर, विहिरीत ५० मायक्रोलिटर टाकतो. ८ ते १० तासांच्या नमुन्यांना जांभळे वर्तुळ स्पष्ट येते. २४ तासांच्या नमुन्याला जवळपास काहीच नाही, आणि ओडी (पेशींची घनता) मात्र भरपूर. घनता वाढली की संदेश वाढायला हवा ना? एएचएल बनवणारी जनुके स्थिर अवस्थेत बंद होतात का? दुसरे म्हणजे, न हलवलेल्या नळीत लक्स रिपोर्टरचा (संदेश मिळाला की उजळणारा जनुकसंच) प्रकाश फारच कमी पडतो. कमी ऑक्सिजनमध्ये कोरम सेन्सिंग (संदेशावरून घनता ओळखणे) थांबते असे म्हणता येईल का?

सामू_मापक
जनुकांवर संशय घेण्याआधी त्या २४ तासांच्या कल्चरचा सामू मोजा. एलबीमध्ये साखर नगण्य असते. जिवाणू अमिनो आम्ले खातो, अमोनिया सुटतो आणि सामू ८च्या वर चढतो. एएचएलचे लॅक्टोन कडे (वलय) हायड्रॉक्साइडमुळे उघडते. सामू एका अंकाने वाढला की हा वेग साधारण दहापट होतो. ३-ऑक्सो-सी६ (सहा कार्बनच्या साखळीचा एएचएल) घेतला तर सामू ७ला अर्धायुष्य सुमारे एक दिवस, सामू ८ला दोन-अडीच तास. तापमान वाढले की आणखी कमी. बाजूची साखळी जितकी आखूड तितके कडे नाजूक, आणि सीव्ही०२६ तुम्हाला जो संदेश दाखवतो आहे तो मुख्यतः आखूड साखळीचा, म्हणजे सी४-एचएसएल. संदेश बनत असूनही साठत नाही, असे होऊ शकते.

हे पडताळायला तीन नमुने लावा.

पहिला: पेशी नसलेल्या ताज्या एलबीत शुद्ध सी४ घाला. एका भागाचा सामू ७, दुसऱ्याचा तुमच्या २४ तासांच्या कल्चरइतका करा आणि ३७ अंशांवर ठेवा. दुसऱ्यातला संदेश नाहीसा झाला तर हे निव्वळ रसायन आहे, एन्झाइमची गरजच नाही.

दुसरा: २४ तासांचा सुपरनॅटंट हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू २वर आणून दिवसभर ठेवा. कडे पुन्हा मिटते. मग समान आकारमानाच्या इथाइल ॲसिटेटने दोनदा काढा, सुकवा आणि चाचणी करा. जांभळा रंग परतला तर कडे उघडले होते. ॲसायलेज या एन्झाइमने साखळीच तोडली असेल तर रंग परतणार नाही. लॅक्टोनेज हे एन्झाइमही कडेच उघडते, त्यामुळे फक्त या चाचणीवरून लॅक्टोनेज आणि अल्कली यांत फरक कळत नाही. त्यासाठीच पहिला नमुना हवा.

तिसरा: एलबीत ५० मिलिमोलर मॉप्स (सामू स्थिर ठेवणारा बफर) घालून सामू ७ला कल्चर वाढवा. मॉप्सचा पीकेए ७.२, म्हणजे तो इथे चांगला धरतो. पण अमोनिया फार असला की ५० मिलिमोलर पुरत नाही. शेवटी सामू मोजाच, आणि सरकला असेल तर १०० मिलिमोलर घ्या. तितक्याच मिठाचा, बफर नसलेला कंट्रोल सोबत ठेवा.

लक्स_आणि_जीएफपी
वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. फक्त रिपोर्टरकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. परिस्थिती बदलते तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी बदलतात: संदेश किती बनतो, किती टिकतो, आणि तुमचे साधन तो किती वाचते. न हलवलेल्या नळीत तिसरीच गोष्ट अडते आहे. ल्युसिफरेजला प्रकाशासाठी ऑक्सिजन लागतो. दाट कल्चर न हलवता ठेवले की पेशीच तो संपवतात आणि जनुक चालू असूनही प्रकाश पडत नाही. जीएफपीकडे (चमकणारे हिरवे प्रथिन) वळूनही सुटका नाही, कारण त्याचे क्रोमोफोर (चमकणारा भाग) ऑक्सिजनशिवाय पक्व होत नाही. व्हायोलेसिनच्या (सीव्ही०२६चा जांभळा रंग) संश्लेषणालाही ऑक्सिजन लागतोच. तेव्हा या तिन्हींपैकी एकावरून "कोरम सेन्सिंग थांबले" असे लिहू नका. आरएनए काढून लासआय आणि आरएचएलआय या एएचएल बनवणाऱ्या जनुकांची क्यूपीसीआर करा, किंवा रेणू थेट एलसी-एमएसवर मोजा.

एक अपवाद खरोखर जैविक आहे: पीक्यूएस, म्हणजे या जिवाणूचा आणखी एक संदेशरेणू. पीक्यूएसएच हे एन्झाइम आण्विक ऑक्सिजन वापरते, म्हणून ऑक्सिजन नसताना एचएचक्यूवरच (पीक्यूएसच्या आधीचा रेणू) गाडी थांबते.

सीव्ही०२६ २८ ते ३० अंशांवर ठेवा. या जिवाणूच्या सुपरनॅटंटमध्ये ३-ऑक्सो-सी१२ही असतो, आणि लांब साखळ्या व्हायोलेसिन दाबतात; फेनाझिने (याच जिवाणूची रंगद्रव्ये) सीव्ही०२६ची वाढही रोखू शकतात. विहिरीभोवती वाढच नसलेले कडे दिसत असेल तर ते विषारीपण आहे. इथाइल ॲसिटेटचा अर्क सी१८ टीएलसी प्लेटवर मिथेनॉल-पाणी ६०:४० मध्ये चालवून त्यावर सीव्ही०२६चा मऊ अगार ओता. सी४ आणि सी१२ वेगळे होतात. ओतण्याआधी द्रावक पूर्ण उडू द्या, नाहीतर तोच पेशी मारतो. लांब साखळ्यांसाठी पीएसबी१०७५ हा रिपोर्टर वेगळा वापरा.

आगर_आणि_प्रवाह
एक इशारा. सामू वर जाऊ नये म्हणून ग्लुकोज घालण्याचा सल्ला मिळेल. तो घेऊ नका. सामू खाली येईल, पण दुसरा बदल घुसेल. ई. कोलायमध्ये ग्लुकोज असेपर्यंत एलएसआर ऑपेरॉन (जनुकसंच) दबलेला राहतो, एआय-२ हा दुसरा संदेशरेणू आत ओढला जात नाही आणि बाहेर जास्त दिसतो. तोच सुपरनॅटंट व्हिब्रिओ बीबी१७० या एआय-२ला प्रकाशाने दाखवणाऱ्या जिवाणूवर टाकला तर उरलेले ग्लुकोज आणि आम्लता त्याच्या प्रकाशातही ढवळाढवळ करतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये ग्लुकोजमुळे झालेली आम्लता एजीआर ही त्याची कोरम सेन्सिंग यंत्रणा दाबते. बफरनेच काम करा, आणि माध्यमातील लोह व फॉस्फेट सगळ्या नमुन्यांत सारखे ठेवा. दोन्हींची कमतरता पीक्यूएस वाढवते.

पुढे बायोफिल्म प्रवाहात वाढवणार असाल तर फ्लास्कमधले आकडे तिथे लावू नका. वाहते पाणी संदेश धुऊन नेते, त्यामुळे घनता तीच असूनही वरचा थर गप्प आणि तळाचा सक्रिय असू शकतो. प्रवाहाचा वेग प्रत्येक प्रयोगात लिहून ठेवा.

बायोफिल्म_०७
सामू मोजला, ८.४ आला. मॉप्स, पेशीविरहित सी४ आणि आम्लाचा नमुना तिन्ही एकत्र लावतो. आम्लीकरणानंतर इथाइल ॲसिटेटमध्येही आम्ल घालायचे का?

सामू_मापक
हो, ०.०१ टक्का ॲसिटिक आम्ल पुरते. एएचएलचा स्टॉकही त्याच आम्लयुक्त इथाइल ॲसिटेटमध्ये उणे २० अंशांवर ठेवा. चाचणीच्या दिवशी लागेल तेवढाच नळीत सुकवा आणि त्यावर कल्चर घाला. डीएमएसओ या द्रावकातून घालणार असाल तर अंतिम प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत ठेवा.