सोर्सवरून (मूळ कोडवरून) प्रोग्राम इन्स्टॉल करण्याची कृती अपुरी असेल, तर तो बग धरावा का?

तिरकस:
'कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल.' मुक्तस्रोत प्रकल्पांच्या रीडमीत (माहितीच्या फाइलीत) एवढ्या तीन आज्ञांवर बोळवण केलेली तुम्हीही पाहिली असेल. गिटवरून, म्हणजे कोडच्या साठ्यावरून, क्लोन करावं (प्रत घ्यावी), तर पुष्कळदा कॉन्फिगर नावाची फाइलच तिथे नसते. ती रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे आवृत्ती म्हणून दिलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यात असते. क्लोन घेणाऱ्याला आधी ऑटोरीकॉन्फ ही आज्ञा चालवून ती तयार करावी लागते, पण ते लिहिण्याचे कष्ट कोणी घेतलेले नसतात. 'इन्स्टॉल' फाइल उघडली, तर ऑटोकॉन्फ या कॉन्फिगर बनवणाऱ्या साधनासोबत येणारा सर्वसाधारण मजकूर जसाच्या तसा!
माझं म्हणणं: कोऱ्या मशीनवर, फक्त लिहिलेलं वाचून बिल्ड झालं नाही (कोडपासून प्रोग्राम तयार झाला नाही), तर तो बग. तो सुटेपर्यंत रिलीज थांबवावं.

पळसपान:
रिलीज थांबवायचं? फावल्या वेळात, फुकट काम करणाऱ्या माणसावर आणखी एक ओझं!
मुळात सामान्य वापरकर्त्याने सोर्सच्या वाटेला जावंच कशाला? लिनक्स वितरणांची तयार पॅकेजं बसवायला एपीटी आहे, डीएनएफ आहे. सुरक्षेचे अपडेट तिकडून येतात. हाताने टाकलेल्या आवृत्तीत पुढे भोक सापडलं, तर ते कोण बुजवणार?
आणि कृती शिळी होते. ओपनएसएसएल लायब्ररीच्या, बिल्डला लागणाऱ्या हेडर फाइली डेबियन वितरणात 'लिबएसएसएल-डेव्ह', फेडोरात 'ओपनएसएसएल-डेव्हेल', आर्चमध्ये वेगळं पॅकेजच नाही. एका लायब्ररीची ही तऱ्हा. सगळ्यांच्या याद्या कोण सांभाळणार?

तिरकस:
याद्या मागितल्यात कुठे? लायब्ररीचं मूळ नाव, किमान आवृत्ती आणि पीकेजी-कॉन्फिग हे लायब्ररी शोधणारं साधन तिला कोणत्या नावाने शोधतं, एवढं द्या. आपापल्या वितरणातलं पॅकेज लोक शोधतील.

मोकळाढाकळा:
गद्य लिहूच नका, असं माझं मत. सीआयची (आपोआप बिल्ड आणि चाचण्या करणाऱ्या यंत्रणेची) फाइल किंवा डॉकरफाइल (कंटेनर, म्हणजे कप्पाबंद वातावरण, उभारण्याची फाइल) वाचा, तीच खरी कृती. दर कमिटला, म्हणजे कोडमधल्या दर बदलाला चालते. रीडमी चुकली तर कोणाच्या लक्षातही येत नाही, ही चुकली तर लगेच लाल दिवा.

सायली_मेक:
अहो, पण त्या डॉकरफाइलमध्ये एका ओळीत पंचवीसेक पॅकेजं कोंबलेली असतात. त्यातली बिल्डला कोणती, चाचण्यांना कोणती आणि कोणीतरी 'असू दे' म्हणून ठेवलेली कोणती, हे कसं ओळखायचं? शिवाय कंटेनरमध्ये सगळं रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालतं आणि काम झालं की फेकून दिलं जातं. त्यामुळे इन्स्टॉलनंतरचे प्रश्न तिथे पडतच नाहीत.
माझी खरी तक्रार त्याच भागाबद्दल आहे. सुडो (रूटचे अधिकार देणारी आज्ञा) लावून मेक इन्स्टॉल केलं, फाइली यूएसआर-लोकल फोल्डरमध्ये गेल्या, प्रोग्राम सुरू केला तर म्हणतो शेअर्ड लायब्ररी सापडत नाही. नव्या लायब्ररींची नोंद घेणारं एलडीकॉन्फिग चालवायचं राहिलेलं असतं, पण नवख्याला ते कसं कळावं? प्रीफिक्स (बसवण्याची जागा) देऊन होम फोल्डरमध्येच बसवता आलं असतं, सुडोची गरजच नव्हती, हेही कोणी सांगत नाही.
आणि काढायचं कसं? सीमेक हे बिल्डचं साधन स्वतःहून अनइन्स्टॉलची सोय देत नाही. कोणत्या फाइली कुठे गेल्या याची यादी बिल्ड फोल्डरमधल्या 'इन्स्टॉल मॅनिफेस्ट'मध्ये असते, आणि 'झालं काम' म्हणून लोक नेमकं तेच फोल्डर उडवतात. बसवण्याच्या तीन ओळी लिहिणाऱ्याने काढण्याची एक लिहायला काय हरकत आहे?

पळसपान:
ही सगळी दुखणी पॅकेज वापरलं की संपतात, हेच तर सांगतोय.

तिरकस:
पॅकेज म्हणजे बिनघोर, असं आहे का? फाइली लहान करणाऱ्या एक्सझेड प्रोग्रामचं 2024 चं प्रकरण घ्या. 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरून शिरण्यासाठी मागचं दार (बॅकडोर) ठेवलं होतं. ते बिल्डमध्ये शिरवणारी एमफोर फाइल (कॉन्फिगर बनवताना वापरली जाणारी) फक्त टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. शिवाय आपण डेब किंवा आरपीएम पॅकेजासाठी बिल्ड होतोय का, हे त्यातून चालणारी स्क्रिप्ट तपासायची. म्हणजे रोख पॅकेजांवरच होता! गिटपासून टारबॉल कसा तयार होतो हे लिहिलेलं असेल, तर दुसऱ्या कोणाला तो स्वतः बनवून ताडून बघता येतो.

पळसपान:
ताडून बघता येतो, पण बघतं कोण? त्या वेळी एसएसएचने दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एक अभियंता मागे लागला, म्हणून सापडलं. कागदपत्रं वाचून नव्हे.

मोकळाढाकळा:
आणि कृती शिळी होण्याचं काय? जीसीसी या कंपायलरच्या 14 व्या आवृत्तीने आधी जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं थेट एरर ठरवलं. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टमधल्या काही तपासण्या त्यामुळे गुपचूप नापास होतात आणि असलेली सोय 'नाही' म्हणून नोंदली जाते. रीडमीतलं अक्षर बदललेलं नाही, तरी बिल्ड वेगळं!

सायली_मेक:
म्हणूनच कंपायलरची आवृत्ती आणि तारीख लिहायची. 'अमुक वितरण, अमुक कंपायलर, या महिन्यात चाललं.' कृतीतल्या आज्ञा एका स्क्रिप्टमध्ये ठेवा, तीच रीडमीत दाखवा आणि तीच सीआयला चालवू द्या. मोकळाढाकळांचा लाल दिवाही शाबूत.

पळसपान:
याला माझी ना नाही. रिलीज थांबवायला मात्र विरोध कायम. एकट्या माणसाने मॅक, विंडोज, बीएसडी कुठे कुठे तपासायचं?

तिरकस:
तपासलं नसेल तिथे 'तपासलेलं नाही' लिहा. मी बग म्हणतोय तो चालतं असं लिहून न चालण्याला.