डावा पाय गुडघ्याखाली नाही, तरी दादाला स्प्लेंडरच हवीय

वाईची_धाकटी
दादाचा डावा पाय उसाच्या ट्रॉलीखाली सापडला, गुडघ्याखाली कापावा लागला. आता जयपूर फूट बसवलाय, काठीशिवाय चालतो. आई आणि वहिनी म्हणतात, ॲक्टिव्हा घेऊन बाजूची दोन चाकं लावून घे. दादा म्हणतो, "तसली गाडी दारात नको, माझी स्प्लेंडर बाहेर काढा." रोजची कटकट झालीय. दुकान लांब आहे आणि रस्ता ट्रॅक्टरांनी उखडलेला. कुणाचं ऐकावं?

मिरजेचा_गॅरेजवाला
ताई, माझाही डावा पाय गुडघ्याखाली नाही आणि पोट गॅरेजवर आहे, त्यामुळे जरा लांबड लावतो.

बाजूची चाकं कुणाला? गाडी थांबल्यावर ज्याला तोलच धरता येत नाही त्याला. दोन्ही पायांत पोलिओ असलेली कितीतरी माणसं त्यांच्या जोरावर रोज कामावर जातात, त्यांना नावं ठेवू नका. पण दादांचा उजवा पाय धड आहे. बाजूची चाकं लावली की गाडी वळणावर झुकत नाही, हँडल रिक्षासारखं फिरवावं लागतं आणि वेगात वळलं की बाहेर फेकते. तुमच्या रस्त्यावर तर बाजूची चाकं उंचवट्यावर आणि मधलं चाकोरीत लोंबकळत नुसतं फिरणार. स्प्रिंगवालं किट असलं तर हे कमी होतं, जात नाही.

आता स्प्लेंडर. गिअर पुढे पंजाने दाबून पडतात, मागे टाचेने दाबून उतरतात. पंजा वर उचलायचा प्रश्नच नाही, म्हणून जमतं. पण पायाखाली काय आहे ते कळत नाही. बूट फुटरेस्टवरून सरकला तरी पत्ता नसतो. मी लिव्हरच्या दोन्ही टोकांना पट्टी वेल्ड करून रुंद केली, फुटरेस्टच्या बाहेरच्या टोकाला उभा कान लावला. पाय पट्ट्याने बांधू मात्र नका, गाडी पडली तर तो सुटायला हवा.

खरी मेख थांबताना आहे. रस्ता डाव्या कडेला उतरता, गाडी तिकडेच कलते, आणि उजवा पाय ब्रेकवर असल्याने सवयीने डावाच खाली जातो. खडीवर तो घसरतोय हे गाडी आडवी झाल्यावर कळतं! म्हणून माझं मत आईंसारखं अर्धं आणि दादांसारखं अर्धं: स्कूटर घ्या, पण बाजूच्या चाकांशिवाय. दोन्ही ब्रेक हातात, उजवा पाय मोकळा. थांबताना गाडी किंचित उजवीकडे झुकवून तोच टेकायचा. रिकाम्या मैदानात हे घोटून घ्या, मगच बाजारात.

जुनी_चेतक
आमच्या काकांचा डावा पाय पोलिओने बारीक. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं बजाजची जुनी चेतक चालवली. क्लच आणि गिअर डाव्या मुठीत, मागचा ब्रेक आणि किक उजव्या पायाला. इंजिनही उजव्या अंगाला, म्हणजे गाडी मुळातच तिकडे ओढायची. दादांना गिअरचीच हौस असेल तर चांगल्या अवस्थेतली एखादी शोधा. पार्ट मिळवताना घाम निघेल म्हणा.

कागदवाला
चाकं लावायचीच ठरली तर आधी आरटीओची परवानगी, मग फिटिंग, मग आरसीवर नोंद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. अशा बदललेल्या गाडीला पूर्वी ‘इनव्हॅलिड कॅरेज’ म्हणत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ‘अडॅप्टेड व्हेइकल’. नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी विमा कंपनी नेमकं त्यावरच बोट ठेवते. आणि साधी स्कूटर घेतली तरी लायसन्सचं आरटीओत विचारून घ्या. ते पाय जाण्याआधीचं आहे.

वाईची_धाकटी
दादाला सगळं वाचून दाखवलं. स्कूटरला "बघू" म्हणाला, म्हणजे निम्मं काम झालं. पण त्याचा प्रश्न: बसायचं कुठल्या बाजूने, आणि स्टँड डाव्या पायाने कसा पाडायचा?

मिरजेचा_गॅरेजवाला
उजवीकडून बसायचं. धड पायावर उभं राहून जयपूर फूट पायदानावरून पलीकडे सारायचा. स्कूटरला मधे टाकी नाही, टांग टाकावी लागत नाही. साइड स्टँडच्या टोकाला वर वळवलेली सळी वेल्ड करून घ्या, बसल्याबसल्या डाव्या हाताने ढकलता येतो. टोकाला जुन्या हँडलची रबरी मूठ चढवा, नाहीतर पँट अडकते.